विल्फ वुलर : वेल्सच्या रग्बीतली सात वर्षे (१९३३ ते १९३९)

पैलतीर (धागाकर्ता)

गॅरी सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले त्याचे चित्रीकरण आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. ३१ ऑगस्ट १९६८ चा दिवस, स्वान्सीचे सेंट हेलेन्स मैदान आणि गोलंदाज ग्लॅमॉर्गन या वेल्समधल्या काउंटी संघाचा माल्कम नॅश. सहावा चेंडू मैदानाबाहेर जातो, समालोचकाचा आवाज एकदम चढतो, याने करून दाखवले असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो आणि चेंडू पार स्वान्सी गावात गेल्याचे सांगतो. तो आवाज विल्फ वुलरचा आहे. मी तो लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तो कोणाचा हे मला नोकरीनिमित्त कार्डिफला राहायला गेल्यावर कळले. आमच्या घरमालकांसमोर मी ग्लॅमॉर्गनचा कर्णधार म्हणून वुलरचे नाव काढले, तेव्हा त्यांनी क्रिकेटचा विषय हातानेच बाजूला सारला आणि थेट १९३५ च्या डिसेंबरातल्या एका रग्बी सामन्याची हकिगत सुरू केली. तो सामना त्यांनी स्वतः पाहिला नव्हता, त्यांच्या वडिलांनी पाहिला होता. तेव्हापासून या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. क्रिकेटच्या चरित्रात त्याची रग्बी दोन ओळींत उरकली जाते, तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा.

वुलरचा जन्म २० नोव्हेंबर १९१२ चा, उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर कॉल्विन बेला लागून असलेल्या रोस-ऑन-सी या गावातला. हे जन्मस्थान महत्त्वाचे आहे. वेल्सची रग्बी म्हणजे दक्षिणेच्या कोळसाखाणींची, पोलादाच्या कारखान्यांची आणि बंदरांची रग्बी. कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वान्सी, लानेली हे तिचे चार खांब. उत्तरेत लोक फुटबॉल खेळत आणि रग्बी बहुतांशी खासगी शाळांपुरती मर्यादित होती. वुलर अशाच एका शाळेत, कॉल्विन बेच्या रायडलमध्ये शिकला. केंब्रिजच्या प्रवेशासाठी लॅटिन उत्तीर्ण होणे भाग होते आणि ते राहिले होते, म्हणून विसाव्या वर्षीही तो शाळेतच होता. राष्ट्रीय संघाची निवड त्याला तिथे कळली.

तो संघ कोणत्या स्थितीत होता हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. पहिल्या महायुद्धाआधी वेल्स हा या खेळातला दादा संघ होता, १९०५ साली न्यूझीलंडला हरवणारा. विसाच्या दशकात तो कोसळला. १९२४ मध्ये स्कॉटलंडने त्याच्यावर ३५ गुण चढवले, त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूझीलंडने १९-० असे धुतले, आणि १९२८ मध्ये तो फ्रान्सकडून प्रथमच हरला. खेळाडू एकाएकी वाईट झाले होते असे नाही. कोळशाचा व्यापार बसला होता, खोऱ्याखोऱ्यांतून बेकारी होती, आणि दोन युद्धांच्या दरम्यान चार लाखांहून अधिक माणसे वेल्स सोडून पोटासाठी बाहेर पडली. त्यांत चांगले रग्बी खेळाडूही होते. उत्तर इंग्लंडमधील रग्बी लीगचे, म्हणजे वेगळ्या नियमांच्या व्यावसायिक रग्बीचे, क्लब रोख पैसे देत. वेल्सचा राष्ट्रीय संघ खेळे त्या युनियनच्या रग्बीत पैसा घेणे निषिद्ध होते, आणि एकदा लीगची वाट धरली की परतीचा दरवाजा कायमचा बंद होई. डझनावारी आंतरराष्ट्रीय खेळाडू त्या वाटेने गेले.

अशा संघात २१ जानेवारी १९३३ रोजी वुलर पहिल्यांदा उतरला, तोही इंग्लंडविरुद्ध, त्यांच्या ट्विकनमला. हे मैदान १९१० साली आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी खुले झाले आणि पहिला सामना इंग्लंडने वेल्सविरुद्धच जिंकला. त्यानंतरच्या तेवीस वर्षांत वेल्सला तिथे एकदाही जिंकता आले नव्हते. १९३१ ची बरोबरी एवढीच काय ती जमेची बाजू. वॉटकिन थॉमस कर्णधार होता, संघात सात नवे चेहरे होते, त्यांत सेंटरला (मागच्या फळीच्या मधोमध) वुलर, फुलबॅकला (सर्वांत मागे) विव्हियन जेंकिन्स आणि स्क्रम-हाफला (पुढच्या खेळाडूंच्या रेटारेटीतून, म्हणजे स्क्रममधून, चेंडू काढणाऱ्या जागी) मॉरिस टर्नबुल. इंग्लंडने आधी ट्राय करून, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून, तीन गुण घेतले. मग इंग्लंडचा एलियट पुन्हा एकदा मोकळा सुटला. समोर कोणी नव्हते आणि दुसरी ट्राय ठरल्यासारखीच होती. वुलर पाठीमागून धावत आला आणि त्याने त्याला गाठून पाडले. सहा फूट दोन इंच उंची, लांब टांगा आणि धावपटूचा वेग. शाळेतल्या मुलाने भरल्या ट्विकनमवर केलेला हा पाठलाग ज्यांनी पाहिला, ते त्याच्याविषयी आयुष्यभर बोलत राहिले. पुढे विंगवरच्या रॉनी बूनने एक ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू टप्पा देऊन खांबांमधून मारणे) आणि एक ट्राय करून वेल्सचे सर्व सात गुण मिळवले आणि सामना ७-३ असा सुटला. जेंकिन्सच्या कन्व्हर्जनवरून (ट्रायनंतर मिळणाऱ्या दोन गुणांच्या किकवरून) थोडा गोंधळ झाला, फलकावर काही काळ ९-३ असे लागले होते, पण पंचांनी ते दोन गुण धरले नाहीत.

या विजयाने वेल्सचे दिवस लगेच पालटले असे मात्र झाले नाही. त्याच हंगामात स्कॉटलंड आणि आयर्लंड या दोघांकडून हार पत्करावी लागली. पुढच्या वर्षी निवड समितीने इंग्लंडविरुद्ध एकदम तेरा नवखे खेळाडू उतरवले आणि संघ ०-९ असा हरला. माझ्या मते त्या काळातल्या वेल्सची अडचण प्रतिभेची नव्हती, धीर धरण्याची होती.

दरम्यान वुलर केंब्रिजला पोहोचला. १९३३ ते १९३५ अशी तीन वर्षे तो ऑक्सफर्डविरुद्धच्या वार्षिक सामन्यात खेळला. १९३४ चा सामना केंब्रिजने २९-४ असा जिंकला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला, स्क्रम-हाफकडून चेंडू घेऊन चाल रचणाऱ्या हाफच्या जागी, क्लिफ जोन्स होता. जोन्स लहानखुरा, पावलांत वीज असलेला, आणि वुलर त्याच्या शेजारी ताडासारखा. ही जोडी विद्यापीठात जमली आणि वेल्सला मिळाली. सुट्टीच्या दिवसांत वुलर चेशरमधल्या सेल क्लबकडून खेळे. तिथल्या मागच्या फळीत वेल्सचाच क्लॉड डेव्ही, स्कॉटलंडचा केन फाइफ आणि इंग्लंडचा हॅल सेव्हर होता. एका क्लबच्या फळीत तीन देशांचे खेळाडू असणे त्या काळी नवलाचेच.

आता तो १९३५ चा सामना, जो ऐकून मी या विषयात शिरलो. न्यूझीलंडचा संघ त्या शरद ऋतूत दौऱ्यावर आला होता. २८ सप्टेंबरला स्वान्सी क्लबने त्यांना ११-३ असे हरवले. स्वान्सीचे दोन्ही हाफ, हेडन टॅनर आणि विली डेव्हिस, गॉवरटनच्या शाळेत शिकणारी पोरे होती आणि आतेमामे भावंडे. आम्ही हरलो हे मायदेशी सांगा, पण शाळकरी पोरांकडून हरलो हे सांगू नका, अशा अर्थाचे न्यूझीलंडच्या कर्णधाराचे बोल त्यानंतर प्रसिद्ध झाले. २१ डिसेंबरला कार्डिफ आर्म्स पार्कवर राष्ट्रीय सामना ठरला, तेव्हा टॅनर पहिल्यांदाच वेल्सकडून खेळत होता. थंडी कडाक्याची होती. दव गोठून मैदान टणक होऊ नये म्हणून त्यावर पेंढा अंथरलेला असे आणि सामन्याआधी तो गोळा करून कडेला रचून ठेवत. हा पेंढा लक्षात ठेवा.

मध्यंतरापर्यंत वेल्स मागे होता. नंतर क्लिफ जोन्सने पुढे मारलेल्या चेंडूवर डेव्हीने ट्राय केली. मग वुलरने फळी फोडली, चेंडू पुढे मारला आणि त्यामागे विंगवरच्या जेफ्री रीस-जोन्सने झडप घातली. जेंकिन्सच्या दोन कन्व्हर्जनसह वेल्सचे दहा झाले. न्यूझीलंडने पुन्हा आघाडी घेतली, १२-१०. शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना वेल्सच्या पुढच्या फळीतला हुकर डॉन टार मानेचे हाड मोडून पडला आणि त्याला काळजीपूर्वक उचलून बाहेर न्यावे लागले. त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. वेल्सच्या हाती चौदा माणसे, दोन गुणांची पिछाडी, समोर न्यूझीलंड. अशा वेळी वुलरला पुन्हा फट सापडली. तो मुसंडी मारून आत घुसला, चेंडू पुढे मारला आणि मागे धावला. चेंडूने टप्पा असा घेतला की तो वुलरच्या डोक्यावरून मागे गेला. वेगात असलेल्या वुलरला थांबता आले नाही, तो तसाच पुढे जाऊन कडेला रचलेल्या पेंढ्याच्या ढिगात कोसळला. मागून आलेल्या रीस-जोन्सने चेंडू घेतला आणि ट्राय केली. वुलरला ती दिसलीच नाही, पेंढ्यात पडल्या पडल्या लोकांचा जो आवाज उठला त्यावरून त्याला कळले. १३-१२.

माझ्या घरमालकांच्या वडिलांनी आयुष्यभर सांगितला तो हाच आवाज. तपशिलांत कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

गोदाकाठ

लेख वाचून फार आनंद झाला. रग्बीवर मराठीत इतके सविस्तर क्वचितच वाचायला मिळते. एक प्रश्न आहे. आपण शीर्षकात सात वर्षे म्हटले आहे आणि लेख १९३५ ला थांबला. उरलेल्या चार वर्षांत वुलरने काय केले? १९३६ साली वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडबरोबरच्या वार्षिक स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवले होते असे वाचल्याचे आठवते, त्यात त्याचा वाटा किती होता?

पैलतीर (धागाकर्ता)

गोदाकाठ, बरोबर आठवते आहे. १९३६ मध्ये इंग्लंडशी ०-० अशी बरोबरी, स्कॉटलंडवर १३-३ असा विजय आणि शेवटी १४ मार्चला कार्डिफला आयर्लंडशी सामना, असा तो हंगाम होता. स्कॉटलंडविरुद्धच्या तीन ट्राय डेव्ही, वुलर आणि क्लिफ जोन्स यांनी वाटून घेतल्या. हीच त्या संघाची खरी ओळख. आयर्लंडच्या सामन्याला सुमारे सत्तर हजार माणसे लोटली, फाटके मोडून लोक आत घुसले आणि गर्दी आवरण्यासाठी अग्निशामक दलाला पाण्याचे फवारे मारावे लागले. इतक्या सगळ्या गोंधळात जेंकिन्सच्या एका पेनल्टीवर वेल्सने ३-० असा सामना जिंकला. त्या दिवशी मैदानावर पाहण्यासारखे फारसे काही घडले नसावे, पण अजिंक्यपद मिळाले.

१९३७ हे वर्ष वाईट गेले, वेल्सने तिन्ही सामने गमावले. १९३८ मध्ये इंग्लंड आणि आयर्लंडला हरवले, मधला स्कॉटलंडविरुद्धचा सामना ८-६ असा निसटला. १९३८-३९ मध्ये वुलर कार्डिफ क्लबचा कर्णधार होता आणि १९३९ मध्ये वेल्सचाही. ११ मार्च १९३९ रोजी बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध ७-० असा विजय मिळाला, सातही गुण विली डेव्हिसचे, म्हणजे गॉवरटनच्या त्याच शाळकरी पोराचे. तो वुलरचा अठरावा आणि अखेरचा सामना. तेव्हा त्याचे वय सव्वीस होते, आणि सेंटरला खेळणाऱ्या माणसाची खरी समज त्याच वयात पिकू लागते. मला हे लिहिताना दर वेळी थांबायला होते.

आडवाट

पैलतीर यांच्या लेखाबद्दल आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. वुलर युनियनच्या रग्बीत राहिला, याकडे निष्ठा म्हणून पाहिले जाण्याची शक्यता आहे. लेखात तसे म्हटलेले नाही, पण वाचणाऱ्याला तसे वाटू शकते. वुलरकडे रायडल होते, केंब्रिज होते, आणि नंतर कार्डिफच्या कोळसा व्यापारातली नोकरी होती. पैशासाठी घर सोडण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. ज्यांच्यावर आली त्यांची कारकीर्द शेजारी ठेवल्याशिवाय त्या काळातल्या वेल्सच्या रग्बीचे चित्र पूर्ण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून जिम सलिव्हन पाहा. जन्म २ डिसेंबर १९०३, कार्डिफमधल्या स्प्लॉट या कामगार वस्तीतला. कार्डिफ क्लबकडून तो सतराव्या वर्षापर्यंत फुलबॅकला इतका चमकला की राष्ट्रीय संघात त्याची निवड केवळ वेळेचा प्रश्न होती. ती वेळ येण्याआधीच, १९२१ च्या जूनमध्ये, विगन क्लबने ७५० पौंड देऊन त्याला रग्बी लीगमध्ये नेले. सतरा वर्षांच्या मुलासाठी ही रक्कम त्या काळी अवाढव्य होती. २७ ऑगस्टला विड्नेसविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि पाच गोल मारले, म्हणजे पाच किका खांबांमधून घातल्या. त्यानंतर १९४६ पर्यंत तो खेळतच राहिला. लागोपाठ अठरा हंगाम, दर हंगामात शंभराहून जास्त गोल. १४ फेब्रुवारी १९२५ रोजी चॅलेंज कप या लीगच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या एका सामन्यात विगनने ११६-० असा विजय मिळवला, त्यात एकट्या सलिव्हनचे २२ गोल होते. ४ मे १९२९ रोजी या स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदाच वेम्बलीला झाला, तेव्हा विगनचा कर्णधार तोच होता आणि त्या मैदानावरचे लीगचे पहिले गुणही त्याच्याच पायातून आले. १९२४, १९२८ आणि १९३२ असे तीन वेळा तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, शेवटच्या वेळी कर्णधार म्हणून. कारकिर्दीत एकूण ९२८ सामने आणि २,८६७ गोल.

आणि ज्या लाल जर्सीसाठी वुलर खेळला, ती युनियनची जर्सी सलिव्हनला एकदाही मिळाली नाही. वुलरचे अठरा सामने मोजताना हा शून्यही मोजावा, एवढेच म्हणणे.

पन्हाळा

आडवाट यांच्याशी सहमत. कार्डिफच्याच बंदर भागात वाढलेल्या गस रिस्मनचे नावही यात यायला हवे. त्याचे आईवडील रशियाच्या साम्राज्यातून, लाटव्हिया भागातून आलेले. १९२९ मध्ये तो सॅल्फर्डकडे गेला, १९३८ मध्ये त्यांना चॅलेंज कप मिळवून दिला, १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ब्रिटनचा कर्णधार झाला आणि १९५२ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी वर्किंग्टनचा कर्णधार म्हणून वेम्बलीला पुन्हा तोच कप उचलला. महायुद्धाच्या काळात सैन्यदलांच्या सामन्यांपुरती लीगच्या खेळाडूंवरची बंदी उठवली गेली, म्हणून त्याला युनियनच्या नियमांनी वेल्सकडून खेळायला मिळाले. शांततेच्या काळात जे दार बंद होते ते युद्धाने उघडले.

पैलतीर (धागाकर्ता)

आडवाट, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि सलिव्हनची हकिगत या धाग्यावर यायलाच हवी होती. १९३३ च्या ट्विकनमच्या संघाकडे पाहिले तरी हे दिसते. वुलर, जेंकिन्स, टर्नबुल, बून ही सगळी शिकलेल्या घरांतली मुले होती, नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळू शकणारी. पुढच्या फळीत मात्र मजूर आणि पोलीस असत, आणि लीगचे हस्तक मुख्यतः त्यांच्याच दारात उभे राहत. तिशीच्या दशकात वेल्स सावरला, त्यामागे मागच्या फळीत विद्यापीठातून आलेले हे खेळाडू टिकून राहिले हे एक मोठे कारण आहे, आणि ते टिकले कारण त्यांना भूक लागलेली नव्हती. वुलरच्या गुणांना त्यामुळे उणेपणा येत नाही, पण त्याची कारकीर्द कोणत्या जमिनीवर उभी होती हे त्यातून कळते.

जुना गिरगावकर

टर्नबुलचे नाव वाचले आणि राहवले नाही. मॉरिस टर्नबुल हा इंग्लंडकडून कसोटी खेळणारा ग्लॅमॉर्गनचा पहिला क्रिकेटपटू. वेल्सकडून तो रग्बीबरोबर हॉकी आणि स्क्वॉशही खेळला. रग्बीचे त्याचे दोनच आंतरराष्ट्रीय सामने, दोन्ही १९३३ मधले. पण आपला त्याच्याशी थेट संबंध आहे. १९३६ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा लॉर्ड्सच्या पहिल्या कसोटीत तो इंग्लंडकडून खेळला. भारताची सलामी विजय मर्चंट आणि आपल्या रत्नागिरीचे दत्ताराम हिंदळेकर यांनी दिली होती. दुसऱ्या डावात इंग्लंडने एक गडी गमावून १०८ धावा केल्या आणि सामना जिंकला, त्यात टर्नबुल ३७ धावांवर नाबाद राहिला. म्हणजे ट्विकनमवर वुलरच्या पुढे स्क्रममधून चेंडू काढणारा माणूस तीन वर्षांनी लॉर्ड्सवर फलंदाजी करत होता आणि यष्टीमागे हिंदळेकर उभे होते.

५ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्मंडीतल्या माँशां गावाजवळ वेल्श गार्ड्सचा मेजर म्हणून लढताना तो मारला गेला.

आणखी एक आठवण आर्म्स पार्कची. तिथे रग्बीचे आणि क्रिकेटचे मैदान एकमेकांना खेटून होते, ग्लॅमॉर्गन १९६६ पर्यंत तिथे खेळत असे. १९४६ मध्ये भारतीय संघ तिथे खेळायला आला. ग्लॅमॉर्गनचा शेवटचा फलंदाज पीटर जज याला चंदू सरवटे यांनी त्रिफळाचीत केले. ग्लॅमॉर्गनला फॉलोऑन मिळाला होता, वेळ थोडा उरला होता, म्हणून दोन डावांमधली विश्रांती न घेता तीच जोडी पुन्हा खेळायला उभी राहिली. सरवटेंच्या पहिल्याच चेंडूवर जज पुन्हा त्रिफळाचीत! लागोपाठच्या दोन चेंडूंवर, दोन वेगळ्या डावांत, एकच फलंदाज बाद. विषयाला थोडे सोडून झाले, पण जागा तीच आहे.

सायली_क

फार आवडीने वाचते आहे. वुलर युद्धात कैद झाला होता असे कुठेतरी वाचले होते, त्याबद्दल लिहाल का? आणि दुसरे, थोडे अवघड वाटणारे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी संघांच्या दौऱ्यांना १९६९-७० मध्ये ब्रिटनमध्ये जो विरोध झाला, त्या विरोधकांविरुद्ध, विशेषतः पीटर हेन यांच्याविरुद्ध, वुलर उघडपणे आणि फार कडक शब्दांत बोलत असे. आपण भारतीयांनी १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता आणि १९७४ मध्ये डेव्हिस कपची अंतिम लढत त्याच कारणासाठी सोडून दिली होती. तेव्हा या माणसाचे कौतुक वाचताना मला ते आठवले. आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

पैलतीर (धागाकर्ता)

सायली, दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

वुलर ७७ व्या अवजड विमानभेदी तोफखान्यात होता. कार्डिफ परिसरातल्या या रेजिमेंटमध्ये रग्बी खेळणारे बरेच होते, कार्डिफ क्लबचाच लेस स्पेन्स त्यांपैकी एक. रेजिमेंटला अतिपूर्वेकडे पाठवले गेले आणि मार्च १९४२ मध्ये जावा बेट पडले तेव्हा हे सगळे जपान्यांच्या हाती सापडले. पुढे वुलरची रवानगी सिंगापूरच्या चांगीला, युद्धकैद्यांच्या छावणीत झाली. साडेतीन वर्षे अपुऱ्या अन्नावर आणि सक्तीच्या मजुरीवर काढून १९४५ मध्ये तो परत आला, तेव्हा त्याचे शरीर झिजून गेले होते. धडकेचा खेळ पुन्हा खेळणे शक्य नव्हते. अठरा हा आकडा तिथेच गोठला.

दुसऱ्या प्रश्नावर मी त्याची बाजू घेणार नाही. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवावे असे तो म्हणत असे आणि ते प्रामाणिकपणे मानतही असेल, पण ज्या देशात कातडीच्या रंगावरून संघ निवडला जात होता तिथे राजकारण मैदानावर आधीच येऊन बसले होते. हे त्याला दिसले नाही, किंवा पाहायचे नव्हते. त्याचा स्वभावच हट्टी आणि भांडखोर होता. स्वान्सीला सॉमरसेटचा संघ रटाळ फलंदाजी करत राहिला म्हणून त्याने ध्वनिक्षेपकावरून, ज्यांना हवे त्यांनी तिकिटाचे पैसे परत घ्यावेत, अशी घोषणा केल्याचे प्रसिद्ध आहे. हाच हट्ट १९३५ मध्ये चौदा जणांच्या संघात कामी आला आणि हाच १९७० मध्ये चुकीच्या बाजूला उभा राहिला. मला दोन्ही लिहिणे भाग आहे.

गोदाकाठ

एक हिशेब करून पाहिला, तो इथे देतो. त्या काळी ट्रायला तीनच गुण असत आणि ड्रॉप गोलला चार. ड्रॉप गोल १९४८ मध्ये तीनवर आला, ट्रायचे चार गुण १९७१ मध्ये आणि पाच १९९२ मध्ये झाले. १९३५ चा सामना आजच्या गुणांनी मोजला तर वेल्सच्या तीन ट्राय आणि दोन कन्व्हर्जन मिळून १९ होतात, न्यूझीलंडच्या दोन ट्राय, एक कन्व्हर्जन आणि एक ड्रॉप गोल मिळून १५. म्हणजे तो एका गुणाचा विजय फलकावर दिसतो त्याहून मोठा होता. याउलट १९३७ मध्ये ट्विकनमला इंग्लंडने एका ड्रॉप गोलवर ४-३ असा विजय मिळवला, वेल्सची एक ट्राय होती. आज तो सामना वेल्सने ५-३ असा जिंकला असता.

आडवाट

हा हिशेब उत्तम आहे. त्या काळचे संघ पाय का इतका वापरत हेही त्यावरून समजते. वुलरच्या लांब किका आणि पुढे मारून मागे धावण्याची त्याची रीत ही त्या गुणपद्धतीतूनच आलेली असावी.

पैलतीर यांना एकच विनंती, युद्धानंतरचा भाग थोडक्यात का होईना लिहा. धागा चांगीपाशी थांबू नये.

पैलतीर (धागाकर्ता)

लिहितो. १९४७ मध्ये तो ग्लॅमॉर्गनचा कर्णधार झाला आणि १९६० पर्यंत राहिला. ही काउंटी १९२१ पासून अजिंक्यपद स्पर्धेत होती, पण विजेती कधीच झाली नव्हती. वुलरने फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षकांचे कडे उभारले, स्वतः त्यातल्या सर्वांत धोक्याच्या जागी, शॉर्ट लेगला, शिरस्त्राण नसलेल्या काळात उभा राहिला, आणि १९४८ मध्ये बोर्नमथला हॅम्पशायरला हरवून वेल्सकडे पहिल्यांदा ते अजिंक्यपद आणले. त्या सामन्यात बळी घेणारा जॉनी क्ले पन्नास वर्षांचा होता. १९५४ मध्ये, एक्केचाळीस वर्षांच्या वयात, वुलरने एका हंगामात हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण केले. १९५५ ते १९६१ या काळात तो इंग्लंडच्या निवड समितीवर होता. पुढे वृत्तपत्रांत लिहिले, समालोचन केले, आणि ग्लॅमॉर्गनचा अध्यक्ष असतानाच १० मार्च १९९७ रोजी तो गेला.

आपल्या बाजूचा एक धागाही इथे जोडून ठेवतो. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर तिलक राजच्या षटकात सहा षटकार मारून सोबर्सची बरोबरी करणारा रवी शास्त्री १९८७ पासून काही हंगाम ग्लॅमॉर्गनकडूनच खेळला. ज्या क्लबविरुद्ध ते पहिले सहा षटकार लागले होते, त्याच क्लबकडून.

मी कार्डिफला असताना एका रविवारी वेस्टगेट स्ट्रीटवरून आर्म्स पार्कपर्यंत मुद्दाम चालत गेलो होतो. क्रिकेटचे ते जुने मैदान आता राहिलेले नाही, त्या जागी रग्बीच उभी आहे. पण वुलरच्या कर्णधारपदाच्या सगळ्या वर्षांत तिथली रचना अशी होती की रग्बीच्या उत्तरेकडच्या स्टँडची पाठ क्रिकेटच्या मैदानाकडे असे. शॉर्ट लेगला वाकून उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या नजरेत दिवसभर ती पाठमोरी भिंत येत असणार, आणि भिंतीपलीकडे ती जागा, जिथे तो पेंढ्यात पडला होता.